अशूची जीभ, सकाळच्या उजेडात

१५ जानेवारी ९५, रविवार

वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस. काल अख्खं लिंबायत गच्चीवर होतं, आजही आहे. सकाळपासून डोक्यावर पाय आपटतायत आणि 'लपेट, लपेट'चा गलका. गेल्या वर्षी अशू माझी फिरकी धरून उभी होती, मांज्याने बोट कापलं तरी खाली उतरायला तयार नव्हती. यंदा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. तिच्या आवडीचे दोन पतंग आणले, ते तसेच दाराआड उभे.

ताप नाही, खोकला नाही. काय होतंय विचारलं की "काही नाही." दहा वर्षांच्या पोरीचं 'काही नाही' इतकं जड असतं हे माहीत नव्हतं मला.

लता म्हणते, सप्टेंबरच्या प्लेगात सगळं सुरत पळालं, आपणही पळालो, तेव्हापासून. खालची जयू, अशूची जिवाभावाची मैत्रीण, तिच्या घरचे गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या खोलीत आता दुसरे लोक. असेलही. पण त्याआधी गणपतीतसुद्धा पोरगी गप्प गप्पच होती, आणि तेव्हा जयू इथेच होती.

रंगाच्या एजंटाने ही डायरी दिली. दरवर्षी लता हिच्यात पदार्थ लिहून घेते. यंदा मी ठेवून घेतली. कुणाशी बोलावं ते सुचत नाही म्हणून.

२४ जाने., मंगळ

बालरोगवाल्या डॉ.कडे. रक्त, लघवी, सगळं नॉर्मल. जंताचं औषध आणि टॉनिक. वर सल्ला, "एकुलती एक आहे ना? लाड कमी करा." बाहेर आल्यावर लता रिक्षावाल्यावर ओरडली. बिचाऱ्याने फक्त 'कुठे जायचं' विचारलं होतं.

लता पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, अशू तिथेच चौथीत. म्हणजे दिवसातून दहा वेळा वर्गाच्या दारातून बघणं होतं तिचं. सगळ्यांत मोठ्या आवाजात कविता म्हणणारी पोर आता बाकावर डोकं टेकून असते. डबा भरलेला जातो, भरलेला येतो.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आनंद व्हायला हवा. नाही झाला.

५ फेब्रु., रवि

आई आली. शिरपूरहून एस.टी.ने, दादर ज्वारी, बिबड्यांचे पापड, लाल तिखट, सगळं घेऊन. दारातच अशूचा चेहरा पाहिला आणि पिशव्या खाली ठेवल्या. "पोरना आंगमा गरमी शे." निदान संपलं. आमच्या घरात प्रत्येक दुखणं उष्णतेपासून सुरू होतं. तोंड आलं, उष्णता. केस गळले, उष्णता. मी मॅट्रिकला गणितात गचकलो तीही उष्णताच होती.

लगेच सब्जा भिजला, गुलकंदाची बरणी निघाली, गार दुधात खडीसाखर. अशू निमूट सगळं पिते. तेच बघवत नाही. आधी गुलकंदाचा चमचा चाटायला माझ्याशी मारामारी करायची.

जेवणं झाल्यावर आईने विषय काढला. अशूला गावी नेते, वर्षभर राहू दे माझ्याजवळ, तिथल्या शाळेत घालू, हवापालट होईल. लता उठली, भांडी जोरात वाजायला लागली. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, आखाजीला ठरवू. आई म्हणाली, बरं, तोवर मी इथेच आहे.

म्हणजे आखाजीपर्यंत, अक्षय तृतीयेपर्यंत, मुदत. मला पोर लांब पाठवायची नाही. पण इथे ठेवून तरी काय करतोय मी?

१३ फेब्रु., सोम

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये दिवसभर मोरपंखी शेड जुळवत होतो. पार्टीने आणलेला तुकडा आणि आमच्या लॅबचा तुकडा शेजारी ठेवला की भावंडं वाटत, जुळी वाटत नव्हती. मॅनेजरसाहेब मागे येऊन उभे. "बोरसे, आज डोळा कुठे आहे तुझा?" सांगून टाकलं. पहिल्यांदाच घराबाहेर कुणाला सांगितलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, नानपुऱ्यात एक बाई आहेत. साधी डॉक्टरकी केली, मग कोलंबोला जाऊन सुया टोचायचं शिकल्या, पुढे चीनमध्येही काही महिने राहून आल्या. माझ्या बायकोची मान त्यांनी बरी केली. मी म्हटलं, साहेब, पोरीची मान नाही दुखत. म्हणाले, जा तर खरं.

१८ फेब्रु., शनि

आज सगळं लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

नानपुऱ्यातलं जुनं घर, पहिला मजला. भिंतीवर उघड्या माणसाचं चित्र, अंगभर रेघा आणि ठिपके. डॉ. मीनाबेन साठीच्या, सुती साडी, पायांत लोकरी मोजे. टेबलावर पेशंटच्या कागदांशेजारी ताटभर सुरती पापडीच्या शेंगा. आमच्याकडे न बघता अशूला म्हणाल्या, "बेटा, आ थोडी सोली आप ने. मारे ऊंधियू करवानुं छे." अशू बसली सोलायला. बाई तिच्याबरोबर सोलत बसल्या. लता माझ्याकडे बघते, मी लताकडे.

मग प्रश्न. गार आवडतं की गरम? पाय गार पडतात? सकाळी जास्त वाईट की संध्याकाळी? उसासे टाकते? बहुतेक उत्तरं लताने दिली. उसाशांचं मी सांगितलं. टाकते. दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसासारखे टाकते.

मग जीभ बघितली, बराच वेळ. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं. मला वाटलं आता काहीतरी भयंकर सांगणार. म्हणाल्या, "बोरसेभाई, बीमारी का नाम बाद में. पहले ये देखो कि बच्ची किस बनावट की है."

समजलं ते असं : चिनी लोक मानतात की प्रत्येक शरीराची घडण वेगळी. कुणी गरम, कुणी गार, कुणी ओलसर जड. आपल्या वात-पित्तासारखंच, पण तेच नाही. काहींच्या अंगात ची, म्हणजे प्राण म्हणा, मुळात बेताचा असतो आणि जरा धक्का लागला की छातीत अडकून बसतो. अशू तशी. शिवाय गार घडणीची. थोडं जन्माचं, थोडं जगण्याचं. असं मूल आदळआपट करत नाही, आत ठेवतं. "इसमें उसका कसूर नहीं. और ये पत्थर की लकीर भी नहीं, बदलता है."

हे मला चटकन पटलं. पॉलिएस्टरला कॉटनच्या रंगाच्या पाण्यात कितीही बुडवा, रंग चढत नाही. म्हणून काही आम्ही पॉलिएस्टरला शिव्या देत नाही. आधी कापड कसलं ते बघतो. आणि पोरीला इतके महिने नुसतं 'हस, खेळ, जेव'.

पण मग बाई खुर्ची पुढे ओढून हळू बोलल्या. याला डिप्रेशन म्हणतात, लहान मुलांनाही होतं. मी माझं करीन, पण आधी मनाच्या डॉक्टरला दाखवायचं. ते झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. लताचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

घरात कुणाला कधी असं होतं का? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे सगळे खणखणीत.

निघताना मला काम दिलं. रोज सकाळी, तोंड धुण्याआधी, जीभ बघायची आणि लिहायची. "आपका तो धंधा ही रंग का है."

गार खाणं बंद. सब्जा बंद, गुलकंद बंद. हे आईला सांगायचं काम लताने माझ्यावर सोपवलं.

२० फेब्रु.

जीभ : फिकट. धुवून धुवून उतरलेल्या गुलाबीसारखी. कडेला दातांचे ठसे. वर पातळ पांढरा थर.

गॅलरीत बघतो, सूर्य वर यायच्या आत. ट्यूबलाइटखाली पास झालेली शेड बाहेर नेली की भलतीच निघते, यावरून लॉटच्या लॉट परत आलेले पाहिलेत. पोरीच्या बाबतीत ती चूक नको.

आई बघत होती. "तू काय सक्काय सक्काय पोरनी जीभ देखस रे नाना? बैल लेवाना शे का?" बैलाचे दात बघतात, जीभ नाही, असं सांगितलं तर अजून चिडली. गुलकंद बंद केल्यापासून माझ्याशी बोलते ते असंच.

२३ फेब्रु.

जीभ : तशीच. फिकट.

४ मार्च, शनि

मनाचे डॉ. झाले.  शेजारी विचारलं तर काय सांगायचं ते आम्ही नवरा-बायकोने घोकून ठेवलं होतं : दाताच्या डॉक्टरकडे. कुणी विचारलंच नाही.

तरुण माणूस, नागपूरकडचा, मराठीत बोलला. फार बरं वाटलं. अशूला कागद आणि खडू दिले, आम्हाला बाहेर बसवलं. नंतर म्हणाला, होय, नैराश्यच आहे, आणि तुम्ही वेळेत आलात. गोळ्या आत्ताच नकोत. दर पंधरा दिवसांनी आणा, मी बोलेन तिच्याशी. शाळेचा तगादा नको. "तिला बरं हो म्हणू नका. तिच्याजवळ बसा." सुयांचं भीतभीत विचारलं. म्हणाला, त्याचा मला अनुभव नाही, पण पोरगी तिथे आनंदाने जात असेल तर जाऊ द्या, माझ्याकडे येणं मात्र चुकवू नका.

वेळेत आलात. हे दोन शब्द मी रिक्षात स्वतःशी किती वेळा म्हटले.

५ मार्च, रवि

मीनाबेनकडे. सुईला अशू घाबरली, तर बाईंनी सुई डबीत परत ठेवली. जबरदस्ती नाही. त्याऐवजी कानाच्या पाळीवर दोन-तीन ठिकाणी मोहरीचा दाणा ठेवून वर चिकटपट्टी. दिवसातून काही वेळा दाबायचा. शिवाय एक वाळल्या पाल्याची जाड कांडी पेटवून पोटाजवळ, पायांजवळ नुसता शेक. धूर उग्र, पण अशू डोळे मिटून पडली होती. जेवण गरम, पातळ, आलं घातलेलं. भाताची पेज चालेल, मुगाची खिचडी चालेल.

घरी आईने कान बघितला. "कानले राई? फोडनी देवानी शे का पोरले?"

अशूच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी बघितलं. लतानेही बघितलं.

१७ मार्च

धुळवड. खेळली नाही. पण खिडकीत बसून होती, आणि समोरच्या वात्रट पोराने बादली ओतली तेव्हा "आई, बघ ना" म्हणून लताला हाक मारली. स्वतःहून.

जीभ : फिकट. पण ठसे जरा कमी? की मला तसं हवंय म्हणून?

२५ मार्च, शनि

जीभ : गुलाबी!

खरंच. गॅलरीत, चांगल्या उजेडात. दोनदा बघितली. ताज्या गुलाबी. मिलच्या बसमध्ये शेजारच्याला सांगितलं, लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मॅनेजरसाहेबांचे पाय धरायचे बाकी ठेवले. संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२८ मार्च

जीभ : गुलाबी. तिसऱ्यांदा. चेहरा मात्र तसाच आहे पोरीचा. डबा परत येतोच. चेहऱ्याला वेळ लागत असेल.

३० मार्च, गुरु

काय लिहू.

आज जीभ बघताना डोळा अडकला. मधल्या रेघेत रंग दाट, टोकाला नाहीच. अंगचा रंग असा बसत नाही. वरून मारलेला, नीट न धुतलेला रंग असा दिसतो. रोज आठ तास हेच बघतो मी. तरी एवढे दिवस मला दिसलं नाही.

स्वयंपाकघरात गेलो. बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांचं पाकीट, आईने आणलेलं. पिवळ्या आहेत, हिरव्या आहेत, पांढऱ्या आहेत. गुलाबी एकही नाही.

आधी डोकं फिरलं. ओरडणारच होतो. ती गॅलरीत तशीच उभी, जीभ आत घेऊन, तोंड घट्ट मिटून. मी खाली बसलो तिच्यासमोर. का गं असं केलं? मान खाली. मग,

"तुम्ही फिकट लिहिता ना, मग नीट जेवत नाही तुम्ही."

मिलची बस चुकली. दुसऱ्या गाडीला लटकून गेलो. वाटेत डोळ्यांतून पाणी. शेजारी उभ्या माणसाला सांगितलं, धूळ गेली.

१ एप्रिल, शनि

पाडवा. गुढी उभारली आणि संध्याकाळी नानपुरा. मीनाबेनना गोळ्यांची गोष्ट सांगितली. आधी खूप हसल्या, डोळे पुसेपर्यंत. "आ छोकरी तो बहु हुशार!" मग अशूला धूप बघायला आत पाठवलं आणि मला म्हणाल्या, बघा, आजारी ती आहे आणि काळजी ती तुमची घेतेय. स्वतःचं आत ठेवते ते ठेवते, वर दुसऱ्याचंही उचलून आत ठेवते. तिला रोज परीक्षेला उभी करू नका. कल्पना माझी होती, पण माणूस तुमच्यासारखा निघेल असं वाटलं नव्हतं.

मी विचारलं, मग बंद करू? म्हणाल्या, नाही, उलटं करा. तिला तुमची बघू दे.

घरी आल्यावर लता एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही पोरीचं शेड कार्ड करून टाकलं होतं." तेव्हापासून विचार करतोय, बरोबर बोलली.

३ एप्रिल, सोम

*पप्पांची जीभ : पिवळी आहे. मागे जास्त. लाल ठिपके. तंबाखूचा मावा खाल्ला. नाही म्हणाले पण खाल्ला. — अश्विनी*

(वरचं तिने लिहिलं. मी डायरी पुढे केली, पेन पुढे केलं, एवढंच. मीनाबेनच्या हिशेबाने मी गरम घडणीचा, रागीट, पित्ताचा. लता म्हणते हे कळायला चीनला जायची गरज नव्हती.)

८ एप्रिल

*पप्पा : पिवळी पण कमी. आई : चांगली. — अ.*

लताला 'चांगली' मिळाल्यापासून तिचा भाव वाढलाय.

१४ एप्रिल, शुक्र

आज आधी हे लिहितो.

अशूने आजीची जीभ बघायला मागितली. आईने खूप आढेवेढे घेतले, मग गॅलरीत येऊन दाखवली. आई मिश्री लावते, आयुष्यभर लावत आलीय. जीभ कोळशासारखी. अशूने गंभीर चेहऱ्याने बघितली, डायरी घेतली, आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "आजी : काळी. लॉट परत."

आणि हसली. नुसता कोपरा नाही. पोट धरून, खाली बसून हसली. आई रागावायला गेली आणि तीच हसत सुटली. लता पोळी तव्यावर टाकून धावत आली, काय झालं काय झालं म्हणत. पोळी जळली. आम्ही जळकी पोळी खाल्ली.

सुयांनी झालं, खडूंनी झालं, पेजेने झालं, की नुसते दिवस गेले म्हणून झालं, मला ठाऊक नाही. मला निवडायचंही नाही. मीनाबेनचे आभार, त्या नागपूरकराचे आभार, मॅनेजरसाहेबांचे, त्या गुलाबी गोळ्या करणाऱ्याचेसुद्धा आभार.

२२ एप्रिल, शनि

मनाचे डॉ. म्हणाले, चांगलं चाललंय, पण सरळ रेघ धरू नका. चढउतार होतील. एक वाईट दिवस आला म्हणजे सगळं गेलं असं नाही. लिहून ठेवतोय, कारण तो दिवस आला की मी हेच विसरणार.

परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत कविता म्हटली. हळू, पण म्हटली.

२ मे, मंगळ

आखाजी. गल्लीत कडुनिंबाला झोका बांधलेला, खान्देशच्या सगळ्या पोरीबाळी तिथे. सांजोऱ्या, आमरस. आणि आज ठरवायचा दिवस.

आईची बॅग सकाळीच भरून दाराशी. अशूचे दोन फ्रॉकही त्यात घातलेले मी पाहिले. लता देवासमोर बसली ती उठेचना. मी ठरवून टाकलं होतं की नाही म्हणायचं, आणि आईला नाही म्हणायची मला सवय नाही.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, अशूलाच विचारू. मनाच्या डॉ.ने तसंच सांगितलं होतं. आई म्हणाली, पोरले काय समजस? तरी विचारलं. अशू आजीकडे बघते, माझ्याकडे बघते, लताकडे बघते. मला वाटलं आता 'काही नाही' येणार आणि मग आम्ही मोठी माणसं आमच्या मनाचं करणार.

म्हणाली, "मला इथे राहायचंय. पण आजीला वाईट वाटेल."

आईने उठून अशूला जवळ घेतलं आणि जे बोलली ते मी चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"तू व्हवाना पहिले मी बी अशीच व्हती, नाना. भितकडे तोंड करीसन पडी ऱ्हाऊ. सासू म्हने, आळशी शे. तुन्हा बाप काही म्हने नही, पन ईचारे बी नही. कोनीच ईचारं नही मले, तुले काय व्हस म्हनीसन." आणि मग, "म्हनीसन मी लई जाई ऱ्हायनू व्हतू हिले. मन्हासारखी एकटी नको पडाले."

आणि मी मीनाबेनना सांगून आलो होतो, आमच्याकडे सगळे खणखणीत.

लता आईच्या पायाशी जाऊन बसली. सून-सासूला मी कधी असं बसलेलं पाहिलं नाही. आईने फ्रॉक बॅगेतून काढून लताच्या हातात दिले.  आई, तुझ्या त्या दिवसांत तुला कुणी विचारलं नाही, आणि तरी तू मला वाढवलंस. हे तोंडावर म्हणायला हवं होतं. इथे लिहितोय.

संध्याकाळी आई झोक्यावर बसली. अशूने झोका दिला.

४ मे

आई गेली. स्टँडवर अशूने तिला सांगितलं, आजी, मिश्री कमी कर. आईने खिडकीतून जीभ काढून दाखवली. अख्खी एस.टी. बघत होती.

२१ मे, रवि

मीनाबेनकडे. आईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, असंच असतं, घडण आजीकडून नातीकडे येते, मधल्याला पत्ता नसतो. आईंना घेऊन या एकदा. आईला पत्र टाकलं. येणार नाही म्हणेल, मग येईल.

अशूने आज पहिल्यांदा सुई लावून घेतली, एक, मनगटाजवळ. माझा हात धरला होता. मीच डोळे मिटले.

१२ जून, सोम

शाळा उघडली. पाचवी. नवं दप्तर. गेली. डबा अर्धा संपलेला परत आला. लता डबा घेऊन माझ्यासमोर आली आणि उघडून दाखवला, जशी काही दागिन्यांची पेटी आहे.

१७ जून, शनि

वर्गात एक नवीन मुलगी आलीय, कोसाडहून. तिला मराठी नीट येत नाही, गुजराती जास्त. अशू तिला शब्द सांगते म्हणे. घरी आल्यावर तिच्याबद्दलच बोलत होती. बोलू दिलं. भाजी गार झाली तरी बोलू दिलं.

२१ जून, बुध

आज उठली नाही. भिंतीकडे तोंड.

लता सकाळपाळीला निघून गेलेली, अशूची पाचवी दुपारची. मी डबा भरून, चपला घालून उभा, मिलच्या बसची वेळ. डबा खाली ठेवला. वाटलं, परत जानेवारी. चार महिने पाण्यात गेले. नवी मैत्रीण, अर्धा डबा, सगळं आठवलं आणि राग आला, कुणावर ते कळेना. तिच्यावर तर नव्हताच.

विचारलं, काय होतंय गं? विचारतानाच उत्तर माहीत होतं.

 एक उसासा. मग भिंतीकडेच बघत,

"पप्पा, परत तसंच झालंय. छातीत बसलंय. कालपासून आहे. मी काल नाही सांगितलं." मग, "तुम्ही आज नका ना जाऊ."

खाली बसने हॉर्न दिला. दोनदा दिला. मी चपला काढल्या.

तिच्या पायाशी बसलो. पाय गार होते, ते मांडीवर घेतले, पांघरूण ओढलं.  ती थोडी रडली, मग थांबली. मनाच्या डॉ.ची तारीख शनिवारी आहे, मीनाबेनना दुपारी फोन करीन. हा दिवस कसा जाईल माहीत नाही, उद्याचाही नाही.

पण तिने सांगितलं. मी विचारलं आणि तिने मला सांगितलं. देवा, एवढं दिलंस, फार दिलंस.

आता झोप लागलीय तिला. एका हाताने लिहितोय, कारण दुसरा तिच्या पायांवर आहे.